कोऱ्या चहाचा रंग

गेल्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी पहाटे भाच्याने मला बाथरूमच्या दारातून हाक मारली. पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो निफाडजवळच्या गावाहून आमच्याकडे नाशिकला, गंगापूर रोडला राहायला आला होता. बावीस वर्षांचा, उंचापुरा, साधे डोके दुखले तरी न सांगणारा. तो दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभा होता, कारण त्याचे गुडघे वाकत नव्हते आणि मांड्या सुजून पायजम्यात घट्ट बसल्या होत्या. काही न बोलता त्याने कमोडकडे नजर वळवली. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता, गूळ घालून जरा जास्तच उकळलेल्या कोऱ्या चहाचा असतो तसा.

त्या क्षणी मी काय केले ते सांगताना आज ओशाळल्यासारखे होते. मी त्याला खुर्चीवर टेकवले, स्वयंपाकघरात गेलो, फळीवरचा त्याचा क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारी पोरे ताकदीसाठी घेतात त्या भुकटीचा, डबा उचलला आणि झाकणासकट कचऱ्याच्या बादलीत टाकला. रिक्षा बोलावणे, ताईला फोन करणे, कोणत्या रुग्णालयात जायचे ते ठरवणे ही सगळी कामे त्यानंतर झाली. तो डबा तीन महिने माझ्या डोळ्यांत खुपत होता. लहानपणी पंचवटीतल्या तालमीत चार-पाच वर्षे लाल माती अंगाला लावलेला माणूस असल्यामुळे, डब्यातून येणारी ताकद ही उसनवारीची ताकद, असे माझे मत होते आणि ते मी जेवताना अधूनमधून ऐकवतही असे. उद्या काही विपरीत घडलेच तर ते त्या पांढऱ्या भुकटीमुळे घडणार, हे मी मनाशी आधीच ठरवून ठेवले होते, त्यामुळे घडल्यावर आरोपी शोधायची मला गरजच वाटली नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी सर्वांत आधी लघवीच्या नमुन्यात रंगीत चौकोनांची एक पट्टी बुडवली. रक्त दाखवणारा चौकोन गडद हिरवा झाला. मग तोच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. पट्टी म्हणते रक्त आहे आणि पेशी तर दिसत नाहीत, हे कोडे त्यांनी मला उभ्याउभ्याच सोडवून सांगितले. ती पट्टी रक्तपेशी ओळखत नाही, हीम नावाचा लोहयुक्त घटक ओळखते; आणि तो घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनप्रमाणेच स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्येही असतो. म्हणजे भाच्याच्या लघवीतून जे वाहत होते ते रक्त नसून त्याच्या मांड्यांचे मांस होते. डॉक्टरांनी हे इतक्या सरळ शब्दांत सांगितले नाही, पण मला ते तसेच ऐकू आले.

तासाभराने रक्ताचा अहवाल आला. स्नायूंच्या पेशींत असणारे क्रिएटिन कायनेज हे विकर (एन्झाइम), ज्याला सगळे सीके म्हणतात, निरोगी माणसाच्या रक्तात साधारण २०० युनिटांच्या आसपास असते; व्यायाम करणाऱ्याचे त्याहून बरेच जास्तही असू शकते. भाच्याचे ६४,००० होते. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि रुग्णालयात तिचे नाव नुसते ‘रॅब्डो’ असे घेतले जाते. स्नायूच्या पेशीला आपल्या आतले कॅल्शियम आवरून धरण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करावी लागते. ती ऊर्जा संपली किंवा पेशीचे आवरणच ताणाने फाटले, की कॅल्शियम आत साचते, एरवी शांत असलेली विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःलाच आतून पचवू लागते. मग तिच्यातले सगळे बाहेर रक्तात येते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकून त्या निकामी करू शकते, आणि पोटॅशियम, जे शरीरात बहुतांशी पेशींच्या आतच असते, रक्तात वाढले की हृदयाचा ठोका बिघडवू शकते. म्हणून पायांनी आजारी असलेल्या मुलाच्या छातीला पहिल्या दहा मिनिटांत ईसीजीच्या तारा लावल्या गेल्या. ताई तेव्हा नुकतीच पोहोचली होती. त्या तारा पाहून तिने माझ्याकडे जे पाहिले ते मी अजून विसरलेलो नाही.

हा आजार वैद्यकशास्त्राच्या नीट नजरेत आला तो व्यायामामुळे नव्हे, तर युद्धामुळे. १९४० च्या सुमारास लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलेली माणसे पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून दगावत होती, आणि बायवॉटर्स व बील या दोघा डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तुळईखाली चिरडलेल्या पायातले द्रव्य मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, हे तेव्हा स्पष्ट झाले. भाच्याच्या पायांवर तुळई पडली नव्हती. त्याने तेच काम आमच्या गच्चीवर, सोमवारी संध्याकाळी, स्वतःहून करून घेतले होते.

दुपारी डॉक्टरांनी त्याचे सगळे डबे घरून आणायला सांगितले. मी कचऱ्याच्या बादलीतून क्रिएटिनचा डबा काढला, पुसला आणि इतरांबरोबर पिशवीत भरला. त्यांच्या टेबलावर एक रांगच लागली: व्हे प्रोटीनचा दोन किलोंचा बुधला, क्रिएटिन, बीसीएए नावाची अमिनो आम्लांची भुकटी, व्यायामाआधी घ्यायचे उत्तेजक प्री-वर्कआउट, माशाच्या तेलाच्या गोळ्या, आणि भाच्याच्या खिशात सापडलेली वेदनाशामक गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून प्रत्येक लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि मग ज्याच्याकडे बोट दाखवण्यासाठी मी अधीर झालो होतो तो क्रिएटिनचा डबा उचलून टेबलाच्या अगदी कडेला, संशयितांच्या बाहेर ठेवला.

मला ते पटेना. पुढच्या काही रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी त्याविषयी जे मिळेल ते वाचले, आणि माझी चूक मला तपशिलांसह कळली. क्रिएटिन हे कारखान्यात जन्मलेले रसायन नव्हे. शेव्ह्रॉल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून वेगळे केले, आणि मांसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. आपले शरीर रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवते, आणि त्याचा जवळजवळ सगळा, म्हणजे ९५ टक्के, साठा स्नायूंतच असतो. शंभर मीटरच्या धावेत किंवा गोळाफेकीत पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा पुरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तोंडावाटे घेतलेले क्रिएटिन स्नायूंत खरोखर साठते, हे १९९२ मध्ये हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि तेव्हापासून जगात सर्वांत जास्त तपासल्या गेलेल्या पूरकांत त्याची गणना होते. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये सगळे अभ्यास चाळून, निरोगी माणसांत याच्या कितीतरी पट प्रमाण पाच वर्षांपर्यंत घेतल्यावरही अपाय आढळला नसल्याचे नमूद केले आहे. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, हे खरे. पण ते तर मिठालाही लागू आहे.

मग त्याच्यावर मूत्रपिंडे बिघडवल्याचा आरोप येतो कुठून? क्रिएटिनचे शरीरात रूपांतर होऊन जे उरते ते क्रिएटिनिन, आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे आपण नेमके त्याच क्रिएटिनिनवरून मोजतो. क्रिएटिन घेणाऱ्याच्या अहवालात हा आकडा थोडा वर दिसू शकतो, मूत्रपिंड ठणठणीत असले तरीही. भाच्याला डॉक्टरांनी क्रिएटिन बंद ठेवायला सांगितले ते याच कारणाने: रोज मोजायच्या आकड्यात आणखी एक गोंधळ नको.

क्रिएटिन बाजूला सारल्यावर त्यांनी गोळ्यांची पट्टी पुढे ओढली. मंगळवारी त्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, आणि त्या रात्रीपासून गुरुवारपर्यंत त्याने डायक्लोफेनॅकच्या पाच गोळ्या घेतल्या होत्या. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा ज्या द्रव्यांच्या आधाराने टिकवून धरते, ती द्रव्येच या जातीच्या गोळ्या बनू देत नाहीत. गाळून काढायचा कचरा वाढलेला आणि गाळणीचे पाणी तोडलेले, अशी ती अवस्था. या गोळ्या त्याने कोणत्याही दुकानातून आणल्या नव्हत्या. त्या माझ्या खणातल्या होत्या, गुडघेदुखीसाठी आणलेल्या, आणि ‘घे एक, उतरेल’ असे म्हणून पहिली गोळी मीच त्याच्या हातावर ठेवली होती.

नंतर प्री-वर्कआउट. लेबलानुसार एका स्कूपमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅफिन होते. आपल्या घरच्या चहाच्या कपात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते, आणि निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४०० च्या पुढे जाऊ नये असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्था सांगते. भाच्याने त्या संध्याकाळी दीड स्कूप घेतला होता, म्हणजे निदान नऊ कप चहा एका घोटात. कॅफिनमुळे मांडी बळकट होत नाही. मेंदूत थकव्याची जाणीव पोहोचवणाऱ्या एका द्रव्याची वाट ते अडवते, त्यामुळे तितकेच कष्ट कमी वाटू लागतात. त्याच डब्यात बीटा-अ‍ॅलानिन होते, ज्याने कानांच्या पाळ्यांना आणि ओठांना दहा-पंधरा मिनिटांत झिणझिण्या येतात. त्या निरुपद्रवी असतात. पण पोरांच्या भाषेत ‘चढली’ म्हणतात ती हीच खूण, आणि ती खूण आली की आता आपण आपले राहिलो नाही अशी त्यांची समजूत होते. डॉक्टर म्हणाल्या, “एका डब्याला शिक्षा द्यायचीच असेल, तर याला द्या. पण आधी मला सांगा, बैठका किती मारल्या?”

“पाचशे,” भाचा म्हणाला.

“एकदम पाचशे? रोजची सवय होती का?”

सवय नव्हती. मार्चमध्ये टायफॉइड आणि एप्रिलमध्ये परीक्षा, यांत दोन महिने त्याचा व्यायाम सुटला होता. मग पाचशेच का, असे त्यांनी विचारले, तेव्हा तो काही बोलला नाही; सलाइन लावलेला हात पोटावर ठेवून त्याने फक्त माझ्याकडे पाहिले.

आदल्या रविवारी जेवताना मी म्हणालो होतो, की आमच्या वेळी आम्ही तालमीत रोज पाचशे बैठका मारायचो, आणि त्याही कसल्या पावडरीशिवाय.

त्यानंतरचे तीन दिवस मी बहुतेक काळ एका काचेच्या मोजपात्राकडे पाहत काढले. शिरेतून सलाइन वेगाने सोडायचे आणि तासाला २०० ते ३०० मिलिलीटर लघवी होत राहील असे पाहायचे, हा या आजाराचा मुख्य उपचार. नर्स दर तासाला मोजून आकडा तक्त्यावर लिहीत, आणि मी प्रत्येक वेळचा नमुना खिडकीच्या उजेडात धरून आधीच्याशी ताडून पाहत असे. गुरुवारी संध्याकाळी तो कोकमाच्या आगळासारखा होता. शुक्रवारी पहाटे चिंचेच्या कोळासारखा. शुक्रवारी रात्री दूध घालायला विसरलेल्या पातळ चहासारखा, आणि शनिवारी दुपारी त्यातून पलीकडचे लिंबाचे झाड दिसू लागले. ताईला मी ते पात्र दाखवायला गेलो तर तिने पदर तोंडाला लावून नको म्हटले. नंतर स्वतःच उठून पाहून आली. सीके मात्र शुक्रवारी आणखी चढून ८०,००० च्या पुढे गेले आणि मगच उतरू लागले. डायलिसिस करावे लागले नाही.

बैठकांनीच हे का व्हावे, धावण्याने का नाही, याचे उत्तर स्नायूच्या कामाच्या पद्धतीत आहे. बैठकीत वर उठताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो. खाली बसताना तोच स्नायू भार धरून ठेवत असतानाच ताणला जात असतो. भार सांभाळत लांबत जाणे हे स्नायूला सर्वांत जास्त फाडणारे काम आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आपल्याला धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जे पाय बोलतात ते उतरण्यामुळे बोलतात. हरिहरच्या उभ्या पायऱ्या उतरून आलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या दुखण्याला पुष्कळ जण अजून लॅक्टिक आम्ल साचले असे म्हणतात. ते व्यायामानंतर तासा-दीड तासात निवळून जाते. दुखणे स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे असावे, असे थिओडोर हाऊ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडले होते. साधे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि उतरते. ज्यात मांडी दगडासारखी टणक होते, पाय दुमडता येत नाही, दुखणे केलेल्या व्यायामाच्या मानाने अचाट असते आणि लघवी गडद होते, ते दुखणे निराळे. भाच्याला मंगळवारी जिन्यावरून मागे मागे उतरताना मी पाहिले होते. मी हसलो होतो.

आता तालमीविषयी खरे काय ते लिहायला हवे.

आमच्या वस्तादांच्या आखाड्यात हौद्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाने मारलेल्या रेघा असत. प्रत्येक पोराची एक आडवी ओळ. नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात पंचवीस बैठका आणि दहा जोर, त्याहून एकही जास्त नाही. मारू शकत असला तरी नाही. उत्साहाने सव्विसावी मारणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसे. दर आठवड्याला दहा-पंधरा वाढत, कधी वाढतही नसत. सुगीला किंवा लग्नकार्याला गावी जाऊन पंधरा-वीस दिवसांनी परत आलेल्याची रेघ वस्ताद ओल्या फडक्याने पुसून टाकत आणि म्हणत, “गाव खाऊन आलास ना? चल, पंचवीसपासून.” आम्हाला ते अपमानास्पद वाटे. वस्तादांनी शरीरशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते, पण ज्याला संशोधक आज ‘रिपीटेड बाउट इफेक्ट’ म्हणतात त्याच्यावर त्यांचा सगळा कारभार चालत होता. ताणून लांबवणारा व्यायाम एकदा, अगदी थोडासा जरी झाला, तरी स्नायू पुढच्या वेळी त्याच कामाने कितीतरी कमी फाटतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. मग ते ओसरते. दोन महिन्यांच्या खंडानंतर भाच्याची छाती, दम, मनाची उमेद बऱ्याच अंशी शाबूत होती, पण मांड्यांचे हे कवच गेले होते, आणि ते गेल्याचे आतून कळण्याची काही सोय नसते.

आणि पाचशेचे काय? आमच्या तालमीत रोज पाचशे मारणारे तिघे होते. मी त्यांच्यांत नव्हतो. माझी रेघ तिसऱ्या वर्षी तीनशे साठपर्यंत गेली, आणि तीही एकाच हिवाळ्यात. पुढे कॉलेज, नोकरी, संसार या तीस वर्षांत सांगता सांगता तीनशे साठचे चारशे झाले, चारशेचे पाचशे झाले, आणि ‘एका हिवाळ्यात’ऐवजी ‘रोज’ आले. हे मी कोणाला फसवण्यासाठी केले असे मला वाटत नाही. पण भाच्याने ज्या आकड्यासाठी आपले पाय पणाला लावले तो आकडा घडलेलाच नव्हता. रुग्णालयातल्या चौथ्या दिवशी मी त्याला ते सांगून टाकले. तो इतका हसला की मांड्या दुखून त्याला मध्येच थांबावे लागले.

क्रिएटिन निर्दोष सुटले म्हणून सगळेच डबे निर्दोष आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बीसीएएबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. ती अमिनो आम्ले व्हेमध्ये असतातच, त्यामुळे त्यांचा वेगळा डबा घेणे म्हणजे भाताबरोबर वाटीभर तांदूळ विकत घेणे. व्हे म्हणजे चीज करताना उरणारी निवळी वाळवून केलेली भुकटी, आणि ती शुद्ध असेल तर दुधाइतकीच साधी गोष्ट आहे. अडचण ‘असेल तर’ या दोन शब्दांत आहे. अन्नातली प्रथिने मोजण्याची जुनी पद्धत डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधली, आणि ती प्रथिने मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज करते. म्हणून चीनमध्ये २००८ साली दुधात नायट्रोजनने भरलेले मेलामाइन हे रसायन मिसळले गेले आणि लाखो बाळे आजारी पडली. व्हेच्या डब्यात ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्ये घालून आकडा फुगवता येतो, तो याच पळवाटेने. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात मला ‘सेम माल, बिल नको असेल तर आठशे कमी’ असे सांगण्यात आले, आणि डब्यावरचे चंदेरी स्टिकर खरवडून दाखवून त्याच्या अस्सलपणाची ग्वाही देण्यात आली. डबा ज्याला बनावट करता येतो त्याला स्टिकरही करता येतेच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक डब्यावर असावा लागतो, आणि तो खरा आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते; पण परवाना उत्पादकाला मिळालेला असतो, आपल्या हातातल्या डब्याची कोणी वेगळी तपासणी केलेली असते असे नाही. इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्या खुणा प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासल्यावर मिळतात. त्या असलेले डबे महाग असतात आणि मला आता तो फरक वाजवी वाटतो.

खरा काळोख आहे तो ताकदीच्या नव्हे, तर उत्तेजनाच्या डब्यांत. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरके विकण्यापूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन सैल केले, आणि त्यानंतर एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीची लाट आली. हृदयविकार आणि मृत्यू पुढे आल्यावर २००४ मध्ये त्यावर बंदी आली. त्या जागी डीएमएए हे दुसरे उत्तेजक आले. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या मैलात कोसळून मृत्यू पावलेल्या तरुण धावपटूने ते असलेले पेय घेतले होते, आणि मृत्यूच्या चौकशीत त्याचा वाटा मान्य झाला. आपल्याकडे तर डब्याचीही गरज उरलेली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन वापरतात. तेच इंजेक्शन महाराष्ट्रातल्या जिमांमधून आणि भरतीच्या मैदानांच्या आसपास विकले जाते, १६०० मीटर ‘दम न लागता’ काढण्यासाठी. खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित आहेच, पण पदकापेक्षा हृदयाची चिंता आधी करावी असे ते द्रव्य आहे. भाच्याने ते घेतले नव्हते. भरतीची तयारी करणाऱ्या त्याच्या तुकडीत कोणी घेतो का, याचे उत्तर त्याने टाळले.

त्याच्या तुकडीतली निम्मी पोरे सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या बाजूची आहेत. कविता राऊत याच डोंगरातून, सावरपाड्यातून, धावत आल्या आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन गेल्या. त्या पोरांच्या बोलण्यात त्यांचे नाव अजून येते. पण आदिवासी भागात सिकल सेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा गुणही आढळतो, आणि आजार नसून नुसता वाहक असलेला जवान एरवी पूर्ण निरोगी असतो. अमेरिकी सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा वाहकांना श्रमामुळे होणाऱ्या रॅब्डोचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. त्यांना धावू नका असे कोणी म्हणत नाही. हळूहळू वाढवा, पाणी प्या, उन्हात विसावा घ्या, इतकेच. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. भरतीच्या अकादम्यांच्या फलकांवर मला अनेक आश्वासने दिसली, ही सूचना एकाही फलकावर दिसली नाही.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मला विचारले, तुम्ही स्वतः कोणती औषधे घेता? मी कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही एकदम बैठका सुरू करू नका, आणि विनाकारण अंग दुखले तर कळवा. स्टॅटिन गटातल्या या गोळ्यांनी क्वचित हाच आजार होतो. त्यांतली सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये याच कारणाने जगभरातून मागे घेतली गेली. माझी गोळी चांगली आहे, मी ती घेतोच आहे. पण भाच्याच्या डब्यांची रोज झडती घेणाऱ्या माणसाने आपल्या पट्टीमागची बारीक अक्षरे सहा वर्षांत एकदाही वाचलेली नव्हती.

सीके पुरते खाली यायला जून उजाडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रिमझिम पावसात, आम्ही दोघे गोल्फ क्लब मैदानावर गेलो. मैदानाला फेऱ्या मारणारे मारत होते. दोन-चार सायकलवाले टपरीजवळ चहा घेत उभे होते. इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका सायकलवर आडवी पार केल्यापासून या शहरात पहाटेची सायकल फारच वाढली आहे. भाच्याने घरून निघताना क्रिएटिनचे पाच ग्रॅम पाण्यात ढवळून घेतले होते, डॉक्टरांना विचारून. प्री-वर्कआउटचा डबा आम्ही टाकून दिला, मोरीत ओतून.

त्याने वीस बैठका मारल्या. एकविसावीला मी “बस” म्हणालो आणि त्याला ते आवडले नाही. मग म्हणाला, मामा, आता तुमच्या. मी पंधरा मारल्या, शेवटच्या तीन झाडाला धरून. दुसऱ्या दिवशी काहीच झाले नाही, म्हणून मी घरात थोडा मिरवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि चहा घेण्याआधी मी बाथरूममध्ये जाऊन, दिवा लावून, रंग पाहून आलो.